तुमच्या चित्रात स्टंप किती उंच आहेत? (डीव्हीडीवरचं चेपलेलं चित्र आणि आपली मोजमापं)

टीव्हीवरून डीव्हीडीवर रेकॉर्ड केलेला एखादा जुना सामना लॅपटॉपवर लावला आणि सगळे खेळाडू उंच, सडपातळ दिसायला लागले, तर आपण काय करतो? प्लेअरच्या मेनूत जातो, अ‍ॅस्पेक्ट रेशो १६:९ करतो, माणसं माणसांसारखी दिसायला लागली की पुढे बघत बसतो. बघण्यापुरतं हे पुरतं. पण त्याच चित्रावरून तुम्हाला काही मोजायचं असेल, तर त्या क्लिकनं काहीही दुरुस्त झालेलं नसतं. फाइल जशीच्या तशीच असते आणि तुमचं मोजमापाचं सॉफ्टवेअर त्या मेनूला विचारायलाही जात नाही.

पीएचडीला येऊ घातलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला कधीतरी जुन्या रेकॉर्डिंगचा गठ्ठा येतो. प्राण्यांच्या हालचाली, नृत्य, खेळ, रस्त्यावरची वाहतूक, पुराचं पाणी, विषय कुठलाही असो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. उदाहरण माझंच घेते, कारण त्यातली चूक माझी आहे आणि मला ती आतून-बाहेरून माहीत आहे.

माझ्या कामाचा एक भाग असा आहे: फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर जमिनीशी किती अंशांचा कोन करून वर उठतो. पहिल्या वर्षी हात बसावा म्हणून सरांनी विभागाच्या कपाटातल्या डीव्हीडी काढून दिल्या. आधीच्या कुणीतरी सेट-टॉप बॉक्सला डीव्हीडी रेकॉर्डर जोडून वर्षानुवर्षं सामने रेकॉर्ड करून ठेवले होते. मी त्यातले बाजूच्या कॅमेऱ्याचे स्लो-मोशन रिप्ले निवडले, फ्रेम वेगळ्या काढल्या, खेळपट्टीचा तुकडा कापून घेतला आणि चेंडूच्या जागा टिपत बसले. सात-आठ आठवडे. निकाल झकास आला. जुन्या डिस्कवर कोन सरासरी १२.८ अंश, नंतरच्या वर्षांच्या डिस्कवर १६.८. चार अंशांचा फरक! खेळपट्ट्यांची माती, रोलिंग, गवत, सगळी कारणं माझ्याकडे तयार होती. परिषदेसाठीचा गोषवारासुद्धा टाइप झाला होता.

सरांनी आलेख बघितला आणि विचारलं, "अगं, स्टंप किती उंच आहेत?"

"७१ सेंटीमीटर, सर."

"ते नियमात. तुझ्या चित्रात किती?"

ते मी मोजलंच नव्हतं.

एकाच पेटीत दोन मापांची चित्रं

भारतात आणि युरोपच्या बऱ्याच भागात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर पूर्ण दर्जाची फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची असते. ७२० ला ५७६ नं भागून बघा: १.२५ येतं. जुन्या टीव्हीचं ४:३ म्हणजे १.३३३ आणि रुंद टीव्हीचं १६:९ म्हणजे १.७७८. म्हणजे डिस्कवरची फ्रेम या दोन्हींपैकी कुठलीच नाही. दोन्ही प्रकारची चित्रं त्याच ७२० बाय ५७६ च्या पेटीत कोंबलेली असतात आणि दाखवताना आडवी ताणली जातात. ४:३ चं असेल तर रुंदी ७६८ करायची, १६:९ चं असेल तर १०२४.

याचाच दुसरा अर्थ असा की डीव्हीडीचा पिक्सेल चौरस नसतो. ४:३ मध्ये तो उंचीपेक्षा १.०६७ पट रुंद धरायचा, १६:९ मध्ये १.४२२ पट. हे दोन आकडे कुठेतरी लिहून ठेवा, पुढे लागतील.

रुंद चित्र चेपून ठेवायचं आणि दाखवताना उलगडायचं, या युक्तीला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात आणि ती सिनेमाकडून आलेली आहे. १९५९ चा 'कागज के फूल' हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्या तंत्रात कॅमेऱ्याचं भिंग चित्र आडवं दाबून फिल्मवर उतरवतं आणि थिएटरातल्या प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा पसरवतं. प्रोजेक्टरला ते भिंग लावलंच नाही, तर पडद्यावर सगळे काडीसारखे दिसणार. आपल्या डीव्हीडीचं नेमकं हेच होतं. फक्त इथे भिंगाच्या जागी एक आकडा आहे.

डीव्हीडीवरचा व्हिडिओ एमपेग-२ प्रकारचा असतो. त्याच्या प्रवाहात थोड्या थोड्या अंतरानं एक शीर्षक येतं आणि त्यात चार बिटांची एक जागा गुणोत्तरासाठी राखलेली असते. तिथे २ असेल तर ४:३, ३ असेल तर १६:९. शिवाय डिस्कवर आयएफओ नावाच्या छोट्या फाइली असतात, त्यातही हीच माहिती पुन्हा लिहिलेली असते. टीव्हीखालचा प्लेअर सहसा आयएफओ बघतो. संगणकावर तुम्ही व्हीओबी फाइल थेट उघडलीत, तर व्हिडिओतला आकडा वापरला जातो. दोन्हीकडे वेगळं लिहिलेलं असेल, तर तीच डिस्क टीव्हीवर बरोबर आणि लॅपटॉपवर चेपलेली दिसते, आणि मग "माझ्याकडे तर नीट दिसतंय" असं म्हणत दोन माणसं तासभर वाद घालतात.

आकडा चुकतो कुठे

प्रक्षेपण डिजिटल असतं तेव्हा त्याच्या प्रवाहात गुणोत्तर लिहिलेलं असतंच. सेट-टॉप बॉक्सला ते कळतं. पण बॉक्समधून रेकॉर्डरकडे जाणारी वायर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी साधी पिवळी-पांढरी-लाल असायची. पिवळ्या वायरमधून चित्र जातं, त्या चित्राबद्दलची माहिती वेगळी जात नाही. युरोपात स्कार्ट नावाचा मोठा जोड वापरत. त्याच्या ८ क्रमांकाच्या पिनवर साधारण ६ व्होल्ट आले तर १६:९ आणि १२ व्होल्टच्या आसपास आले तर ४:३, अशी सोय होती. पिवळ्या वायरला ती नाही. एक मार्ग उरतो: पाल चित्राच्या २३ व्या ओळीत रुंदीची खूण सांकेतिक रूपात घालता येते. पण त्यासाठी बॉक्सनं ती घालायला हवी आणि रेकॉर्डरनं ती वाचायला हवी. यातलं एक जरी झालं नाही, तरी रेकॉर्डर निमूटपणे ४:३ लिहून मोकळा होतो.

रेकॉर्डरच्याही स्वतःच्या अडचणी असतात. डिस्कवर जास्त तास बसावेत म्हणून लाँग प्ले निवडलं, की बरेच रेकॉर्डर फ्रेमची रुंदी ३५२ पिक्सेल करतात, आणि डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत १६:९ फक्त पूर्ण आकाराच्या फ्रेमला चालतं. मग चित्र रुंद आहे हे रेकॉर्डरला कळलं तरी तो ते लिहू शकत नाही. दुसरं असं की डीव्हीडी-व्हिडिओ पद्धतीत एका टायटल सेटला एकच गुणोत्तर असतं. सामना १६:९ आणि मधल्या जाहिराती ४:३ असं मिश्रण आलं, की रेकॉर्डरला काहीतरी एक धरावं लागतं. व्हीआर पद्धतीत ही कटकट कमी असते, पण त्या डिस्क प्रत्येक प्लेअरवर चालत नाहीत, म्हणून लोक ती पद्धत टाळायचे.

आता माझे चार अंश बघा. आपल्याकडचं नेहमीचं प्रक्षेपण बराच काळ ४:३ होतं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धा हाय डेफिनिशनमध्ये दाखवल्या गेल्या आणि त्या सुमारास डीटीएचवर एचडी बॉक्स यायला लागले. एचडी म्हणजे १६:९. विभागातही कधीतरी एचडी बॉक्स आला. रेकॉर्डर जुनाच राहिला, पिवळी वायरही तीच. चित्र आता चेपून येत होतं आणि रेकॉर्डर आधीसारखाच ४:३ लिहीत होता. त्यात मी फ्रेम वेगळ्या काढल्या त्या कच्च्या, ७२० बाय ५७६ च्याच. ओपनसीव्हीसारखी लायब्ररी फ्रेम देताना ती ताणून देत नाही. साठवलेले पिक्सेल जसे आहेत तसे हातात ठेवते. म्हणजे माझ्या जुन्या डिस्कही थोड्या चुकत होत्या आणि नव्या फार चुकत होत्या.

हिशेब सोपा आहे. खरा कोन १२ अंश धरा, त्याचा टॅन्जंट ०.२१२६. जुन्या डिस्कवर तो १.०६७ पट होतो, कोन दिसतो १२.८. नव्या डिस्कवर १.४२२ पट, कोन दिसतो १६.८. माझा पूर्ण "शोध" हाच. खेळपट्टीच्या मातीचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

(माणसं चेपलेली दिसली नाहीत का, असं तुम्ही विचाराल. मी खेळपट्टीचा तुकडा कापून घेतला होता ना. त्यात माणसं नव्हतीच. चेंडू चारपाच पिक्सेलचा ठिपका, तो गोल आहे की लंबगोल हे डोळ्याला कळत नाही.)

आधी ओळखा

मीडियाइन्फो किंवा एफएफप्रोबमध्ये फाइल टाकली की गुणोत्तर दिसतं. पण ते रेकॉर्डरनं काय *लिहिलं* ते असतं, चित्र खरोखर कसं आहे ते नव्हे. त्यासाठी चित्रातच माप माहीत असलेली वस्तू शोधायची, आणि तिची दोन मापं हवीत, एक आडवं आणि एक उभं. पूर्वी वाहिन्या दाखवायच्या त्या फिलिप्सच्या टेस्ट कार्डात मध्यभागी मोठं वर्तुळ असायचं, ते यासाठीसुद्धा उपयोगी. वर्तुळ अंडाकृती दिसलं की समजायचं.

क्रिकेटमध्ये हे काम स्टंप करतात. स्टंपची उंची ७१.१ सेंटीमीटर आणि स्टंपपासून पॉपिंग क्रीज १.२२ मीटर पुढे. बाजूनं घेतलेल्या चित्रात ही दोन्ही अंतरं दिसतात. खरं गुणोत्तर १.७१५. कच्च्या फ्रेमवर ४:३ चं चित्र असेल तर ते १.६१ च्या आसपास यायला हवं, चेपलेलं १६:९ असेल तर १.२१ च्या आसपास. माझ्या एका जुन्या डिस्कवर क्रीज ९० पिक्सेल आणि स्टंप ५६: १.६१. नव्या डिस्कवर ७० आणि ५८: १.२१. पिक्सेलभर इकडे-तिकडे झालं तरी हे दोन आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. दहा मिनिटांचं काम होतं.

मग मी सगळ्या डिस्क तपासल्या आणि आणखी दोन प्रकार निघाले. काही डिस्कवर चित्राच्या वर-खाली काळे पट्टे होते. कुणीतरी मधल्या काळात बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४:३ लेटरबॉक्स निवडलं असणार. अशा चित्राचं गुणोत्तर बरोबर असतं, पण ५७६ पैकी फक्त ४३२ ओळींत खरं चित्र असतं. उरलेल्या १४४ ओळी काळ्या रंगावर खर्च झालेल्या असतात आणि तो तपशील परत मिळत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट. एका डिस्कवर जुन्या ४:३ सामन्याचं पुनःप्रक्षेपण होतं आणि वाहिनीनंच ते ताणून १६:९ केलेलं होतं. फ्लॅग दुरुस्त केल्यावर गुणोत्तर १.७१५ यायला हवं, ते आलं २.२९ च्या जवळ. इथे फ्लॅग खरं सांगत असतो आणि चित्रच खोटं असतं. असलं फक्त स्टंपच पकडू शकतात.

आता दुरुस्ती

फक्त फ्लॅग चुकला असेल, तर व्हिडिओ पुन्हा एन्कोड करू नका. नवशिके हमखास हेच करतात. एखाद्या कन्व्हर्टरमध्ये फाइल टाकली, १६:९ निवडलं, दोन तास पंखा घरघरला आणि आधीच दाबलेला व्हिडिओ अजून एकदा दाबून, थोडा अजून पुसट होऊन बाहेर आला. गरज असते फक्त चार बिट बदलायची. डीव्हीडीपॅचरसारखं साधन व्हिडिओतल्या शीर्षकांमधला २ काढून ३ करतं, आयएफओएडिटमध्ये आयएफओतली नोंद बदलता येते. एफएफएमपेगमध्येही एमपेग-२ चं शीर्षक न-एन्कोड करता बदलणारं फिल्टर आहे. दोन्ही जागा बदला, एक नव्हे. शिवाय फायनलाइझ केलेल्या डीव्हीडी-आर वर काही बदलता येत नाही, तेव्हा आधी संपूर्ण डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, मूळ प्रत बाजूला ठेवा, तिचा चेकसम लिहून ठेवा, आणि बदल दुसऱ्या प्रतीवर करा. नवी डिस्क हवीच असेल तर त्या प्रतीवरून बर्न करा.

लेटरबॉक्स असेल तर मधल्या ४३२ ओळी कापून घ्या आणि पिक्सेल १.०६७ चाच धरा. १.४२२ लावलात तर पुन्हा चूक.

चित्र खरोखरच ताणायची वेळ आली, तर रुंदी वाढवा, उंची कमी करू नका. ७२० चे १०२४ करा, ५७६ ला हात लावू नका. कारण टीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं. एका फ्रेमच्या सम ओळी एका क्षणाच्या आणि विषम ओळी सेकंदाच्या ५० व्या भागानंतरच्या. उंची बदलली की दोन क्षण एकमेकांत कालवले जातात, मग चेंडू नेमका कुठे होता हे कुणालाच सांगता येत नाही. आडवं ताणलं तर ओळी आपापल्या जागी राहतात.

पण मोजमापासाठी मी आता चित्र ताणतच नाही. कच्च्या फ्रेमवर जागा टिपते आणि x ला पिक्सेलच्या गुणोत्तरानं गुणते. इमेजजे वापरत असाल तर सेट स्केलच्या खिडकीत पिक्सेल अ‍ॅस्पेक्ट रेशो अशी जागा आहे, बहुतेक लोक तिथला १.० कधी बदलतच नाहीत.

इथे एक बारीक काटा आहे. १.४२२ हा आकडा पूर्ण ७२० पिक्सेल चित्रानं भरलेले आहेत असं धरून येतो. वायरमधून आलेल्या पाल सिग्नलमध्ये एका ओळीत खरं चित्र ५२ मायक्रोसेकंदांचं असतं आणि सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घेतले तर त्याचे होतात ७०२. म्हणजे कडांचे थोडे पिक्सेल रिकामे, आणि पिक्सेलचं गुणोत्तर १.४२२ नव्हे, १.४५९. अडीच टक्क्यांचा फरक. माझ्या १२ अंशांच्या कोनात त्यामुळे ०.३ अंश बदलतात. कुठला आकडा लागू आहे हे त्या-त्या यंत्रावर अवलंबून असतं, म्हणून सूत्रातून घेण्यापेक्षा आडवं आणि उभं माप वेगवेगळं कॅलिब्रेट करा: आडव्यासाठी क्रीजचं अंतर, उभ्यासाठी स्टंप. अर्थात कॅमेरा खरोखर काटकोनात आहे ना, ते बघून. नसेल तर तो रिप्ले सोडून द्या. मी निम्मे सोडले.

कुठलं काम वाचतं आणि कुठलं बुडतं, तेही बघून ठेवा, म्हणजे सगळंच फेकून द्यावं लागणार नाही. टप्प्याआधीचा आणि नंतरचा उभा वेग यांचं गुणोत्तर माझ्या वहीत आधीच काढलेलं होतं. ते जसंच्या तसं वापरता आलं, कारण वर आणि खाली एकच माप लागतं आणि भागाकारात ते उडून जातं. आडवा वेग आडव्याच अंतरानं कॅलिब्रेट केला असेल तर तोही शाबूत. बुडतात ते कोन, आणि एका दिशेच्या मापानं मोजलेली दुसऱ्या दिशेची अंतरं. कोनातली चूकही सगळीकडे सारखी नसते. अगदी आडव्या किंवा अगदी उभ्या रेषेला काही होत नाही, मधल्यांना सर्वांत जास्त फटका. बरोबर गुणोत्तरानं दाखवलेल्या चित्रात ४५ अंशांची असलेली रेषा, १६:९ चं चित्र ४:३ म्हणून दाखवलं की ५३.१ अंशांची होते. शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण.

अजून रेकॉर्डिंग करायचंच असेल, तर बॉक्समध्ये टीव्हीचा आकार १६:९ ठेवा आणि नंतर कुणालाही तो बदलू देऊ नका. लाँग प्ले टाळा. एक मिनिट रेकॉर्ड करून संगणकावर मोजून बघा. डिस्कच्या पाकिटावर तारखेबरोबर बॉक्स, वायर आणि सेटिंग लिहा. माझ्या गठ्ठ्यातल्या एकाही पाकिटावर ते नव्हतं. सामन्याचा निकाल मात्र प्रत्येकावर लिहिलेला होता.

गोषवारा मागे घेतला. दुरुस्त केलेल्या डिस्कवर जुन्यांची सरासरी १२.१ आली, नव्यांची १२.३. सरांनी तो आलेख बघितला आणि विचारलं, "यातला ०.२ आता कशाचा आहे?" मी त्या ७०२ पिक्सेलपर्यंत पोचले ती या प्रश्नामुळे.